नाताळच्या चित्रपुस्तकातील छडी

अक्षरओळख होण्यापूर्वीच बालकाला सणाची ओळख होते, ती चित्रांतून. म्हणून सणाच्या पुस्तकात त्याच्यासाठी काय रेखाटले आहे, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

सन १८२१ मध्ये न्यूयॉर्क येथे विल्यम गिले या प्रकाशकाने ‘द चिल्ड्रन्स फ्रेंड’, म्हणजे ‘मुलांचा मित्र’, हे चिमुकले पुस्तक काढले. अमेरिकेतील अगदी आरंभीच्या शिळाछाप पुस्तकांत त्याची गणना होते. आठ रंगीत चित्रे आणि त्यांच्या जोडीला थोडे पद्य, एवढाच त्याचा विस्तार. नाताळच्या आदल्या रात्री सांताक्लॉस एका रेनडियरच्या गाडीतून येतो आणि शहाण्या मुलांना भेटी देतो. शेवटी मात्र, न ऐकणाऱ्या मुलांकरिता तो आईबापांसाठी लांब काळी छडी ठेवून जातो. मित्र म्हणविणाऱ्या पुस्तकाची अखेर ही अशी!

पुढे २३ डिसेंबर १८२३ रोजी ट्रॉय शहरातील ‘सेंटिनेल’ पत्रात एक निनावी कविता प्रसिद्ध झाली. तीत रेनडियर आठ झाले होते आणि छडी नाहीशी झाली होती. सन १८४४ मध्ये क्लेमेंट मूर यांनी ती आपल्या काव्यसंग्रहात घेतली. त्यानंतर अनेक चित्रकारांनी तिच्यावर चित्रपुस्तके सजविली आणि ती घरोघर गेली. छडीचे पुस्तक मात्र आज मुख्यतः अभ्यासकांनाच ठाऊक आहे.

शाळेत छडी सर्वमान्य होती त्या काळातही बालकांच्या सणातून ती अशी बाहेर पडली. आपण शिक्षकांनी आणि पालकांनी सणाचे पुस्तक घेताना त्यातील शेवटचे चित्र आधी पाहावे, एवढेच सुचवितो.