पाटापासून पेटीपर्यंत

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांचा अर्वाचीन इतिहास हा मुख्यतः पाण्याच्या बंदोबस्ताचा इतिहास आहे. १८७६ च्या दुष्काळात रयतेला काम मिळावे म्हणून ज्याची खोदाई सुरू झाली आणि १८८५ मध्ये ज्यातून पाणी खेळू लागले, त्या नीरा डाव्या कालव्याने या पर्जन्यछायेतील मुलखात उसाचे हिरवे रान उभे केले. १९२८ मध्ये भाटघरचे मोठे धरण पुरे झाले. आणि १९८० मध्ये भीमेवरील उजनी धरण झाल्यावर इंदापूरकडील कित्येक शिवारे जलाशयाखाली गेली, तरी उरलेल्या रानांना मोटारीने पाणी उपसण्याची सोय झाली. पाटाच्या पाण्याची पाळी पाटकरी सांगे. उपशाच्या पाण्याची पाळी वीज सांगू लागली.

शेतीपंपाची वीज आळीपाळीने कधी दिवसा, कधी रात्री येई, आणि आली तरी मध्येच जाई. म्हणून हातात बॅटरी घेऊन, सापविंचवाच्या बांधावरून, केवळ एक हिरवे बटण दाबण्यासाठी शेतकऱ्याला अपरात्री विहीर गाठावी लागे. या निकडीतून ऑटोस्विच रूढ झाला. तिन्ही फेज आल्याची खात्री करून, काही क्षण थांबून, रिलेच्या साहाय्याने स्टार्टर चालू करणारे हे यंत्र रेडिओ-टेप दुरुस्तीवर हात बसलेल्या कारागिरांना घरच्या घरी करता येण्याजोगे होते. व्हिएन्नाहून लंडनला गेलेल्या पॉल आयस्लर या अभियंत्याने १९३० नंतरच्या दशकात छापील मंडलावर रेडिओ चालवून दाखविला, त्याच विद्येचा हा आमच्या रानातील अवतार: तांब्याचा पत्रा चढविलेल्या फळीवर रंगाने रेघा ओढायच्या, उघडे तांबे फेरिक क्लोराईडच्या द्रावणात विरघळू द्यायचे, भोके पाडून सुटे भाग बसवायचे आणि डाख द्यायचा.

परंतु डाख देऊन झाला म्हणजे काम संपले, असे मानणाऱ्याची ऑटोस्विचची पेटी पहिल्याच पावसाळ्यात दगा देते. डाखाच्या पेस्टचा चिकट थर धूळ आणि ओल धरून ठेवतो, आणि तांब्याच्या दोन रेघांमध्ये चोरवाट निर्माण करतो. म्हणून जाणता कारागीर जुन्या टूथब्रशने, स्पिरिट लावून, फळीची खालची बाजू घासतो, ती पुरती वाळू देतो आणि रिलेचे संपर्कबिंदू वगळून वॉर्निशचा पातळ हात फिरवतो. नंतर फळी पेटीच्या पत्र्याला न टेकता चार स्पेसरवर उचलून बसवितो. तारा पेटीच्या तळातूनच आत घेतो आणि बाहेर त्यांना खाली झोळ देतो, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी पेटीत न शिरता झोळाच्या टोकाशी गळून पडते. उरलेली भोकेही तो बुजवितो, कारण उबेसाठी आत शिरलेली पाल किंवा मुंग्यांची रांगसुद्धा मोटार बंद पाडू शकते.

या यंत्राचा एक दोषही नमूद केला पाहिजे. गेलेली वीज परतताच एका रोहित्रावरील सगळे पंप एकदम सुरू झाले, तर त्या भाराने रोहित्र जळते आणि सगळ्या वस्तीचे पाणी अडते. म्हणूनच ऑटोस्विच काढून कपॅसिटर बसवा, असे महावितरण वारंवार सांगत आले आहे. तेव्हा शेजाऱ्याच्या मोटारीचा विचार न करणारी पेटी आतून कितीही स्वच्छ असली तरी ती अपुरीच.

कालवा खोदणाऱ्यांचे नाव इतिहासात राहते, दरवर्षी त्यातील गाळ काढणाऱ्याचे राहत नाही. पण गाळ काढला नाही तर शेवटच्या फाट्याला पाणी पोहोचत नाही. फळीवरील चिकटा आणि कालव्यातील गाळ यांची जात एकच आहे. ज्यांच्या विहिरीवर अशी पेटी आजही टांगलेली असेल, त्यांनी मृगापूर्वी एकदा मुख्य पुरवठा बंद करून जाणत्याकडून ती उघडवावी, पुसून घ्यावी, आणि रोहित्रावरील शेजाऱ्यांशी बोलून मगच तिचे काय करायचे ते ठरवावे.