रिकामी यादी नेमकी कधी तयार होते?

पायथन शिकणाऱ्या बहुतेकांना हा फटका एकदा तरी बसतो. पॅरामीटरला डिफॉल्ट म्हणून रिकामी यादी द्यायची आणि फंक्शनच्या आत तिच्यात एक वस्तू टाकायची. पहिल्या कॉलला एक वस्तू दिसते. दुसऱ्या कॉलला बघावं, तर आधीचीही तिथंच! कारण ती यादी फंक्शनच्या व्याख्येची ओळ चालते तेव्हा एकदाच तयार होते आणि पुढे फंक्शनला चिकटून राहते.

सी++, रुबी, कॉमन लिस्प यांत डिफॉल्ट दर कॉलला नव्यानं काढलं जातं. जावास्क्रिप्टमध्ये ही सोय 2015 साली आली, तीही तशीच. मग पायथनलाच काय झालं? ‘तेव्हा चुकलं, आता बदलता येत नाही’ हे नेहमीचं उत्तर मला अपुरं वाटतं.

2001 आधीचा कोड काढून बघा. तेव्हा नाव तीनच ठिकाणी शोधलं जायचं: चालू फंक्शनमध्ये, मोड्यूलमध्ये आणि बिल्ट-इन नावांत. फंक्शनच्या आतल्या फंक्शनला बाहेरच्याचे व्हेरिएबल दिसतच नसत. त्यामुळे टीकेइंटरमध्ये बटणासाठी लॅम्डा लिहिताना लोक ‘रूट=रूट’ असं डिफॉल्ट घालून बाहेरची किंमत आत नेत. दिसायला विचित्र, पण चालायचं. कारण उजवीकडचं ‘रूट’ व्याख्येच्या वेळी, बाहेरच्या फंक्शनमध्येच काढलं जायचं. तेच कॉलच्या वेळी काढायचं तर बाहेरची नावं कुठंतरी जपून ठेवायला हवीत, म्हणजे क्लोजर हवं. आणि नेमकं तेच भाषेत नव्हतं.

क्लोजर आलं जेरेमी हिल्टन यांच्या पेप 227 मधून. 2.1 आवृत्तीत ते मागून घ्यावं लागे, 2.2 मध्ये कायमचं झालं. पण जुनी युक्ती काही गेली नाही. क्लोजर किंमत नव्हे, व्हेरिएबल धरून ठेवतं. म्हणून लूपमध्ये दहा लॅम्डा बनवले की दहाही शेवटचाच आकडा सांगतात. तिथं आजही ‘एन=एन’ लिहितात. म्हणजे नियम सरसकट बदलला तर हा सगळा कोड गुपचूप बिघडेल.

ख्रिस अँजेलिको यांनी 2021 मध्ये मांडलेला पेप 671 म्हणूनच जुन्या ‘=’ ला हात लावत नाही. दर कॉलला काढायच्या डिफॉल्टसाठी तो ‘=>’ असं वेगळं चिन्ह सुचवतो. 3.13 पर्यंत तरी ते भाषेत आलेलं नाही. तोवर सगळे डिफॉल्टला ‘नन’ देतात आणि यादी आत बनवतात. आणि ‘नन’ हीच वैध किंमत असेल, तर निव्वळ खूण म्हणून एक वेगळा ऑब्जेक्ट बनवून तो डिफॉल्टला देतात. तो मात्र एकदाच तयार व्हावा, हेच हवं असतं.