तालयंत्र

तालयंत्र : तालवाद्यवादकाचे काम विद्युत् मंडलाच्या अथवा संगणकाच्या साहाय्याने करणारे साधन. घरगुती ध्वनिमुद्रणात वादक उपलब्ध नसेल, तर ढोलकी, तबला, ढोल किंवा पाश्चात्त्य ड्रम यांचा भास निर्माण करण्यासाठी त्याचा उपयोग करतात. महाराष्ट्रात हा विषय चित्रपटसंगीतापुरता मर्यादित राहिलेला नाही. जळगाव-धुळे भागात अहिराणी गीतांची निर्मिती वाढल्यापासून खानदेशच्या लोकसंगीताशीही त्याचा निकटचा संबंध आला आहे.

ध्वनिमुद्रणाच्या आरंभकाळी तालवाद्य हे अडचणीचेच मानले जाई. भारतात ग्रामोफोनसाठी ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये सुरू झाले, तेव्हा कलावंताला कर्ण्यासमोर बसून गावे लागे. जोरकस आघाताने सुई खोबणीतून उसळण्याचा धोका असल्याने तालवाद्य कर्ण्यापासून दूर ठेवीत. जुन्या तबकड्यांत तबला पुसट ऐकू येतो, तो काही वादकाचा दोष नव्हे. १९२५ नंतर विद्युत् ध्वनिमुद्रण रूढ झाले व ही मर्यादा ओसरली.

यांत्रिक तालाचा पहिला उल्लेखनीय प्रयोग म्हणजे लेव्ह तेर्मिन यांनी हेन्री कॉवेल या अमेरिकन संगीतकारासाठी १९३१ मध्ये सिद्ध केलेले ‘ऱ्हिदमिकॉन’. वुर्लिट्झर कंपनीचे ‘साइड मॅन’ (१९५९) हे ऑर्गनवादकाच्या साथीसाठी होते. त्यात फिरत्या तबकडीवरील स्पर्शबिंदूंमुळे ठराविक ठेके वाजत. वापरणाऱ्याला स्वतःचा ठेका साठविता येण्याची सोय रोलंड कंपनीच्या ‘सीआर–७८’ मध्ये (१९७८) आली. १९८० हे वर्ष निर्णायक ठरले. रॉजर लिन यांच्या ‘एलएम–१’ मध्ये प्रथमच खऱ्या ड्रमचे मुद्रित आघात अंकीय स्मृतीत साठविले होते. स्मृती महाग असल्याने दीर्घकाळ निनादणाऱ्या मोठ्या झांजा मात्र त्यातून वगळाव्या लागल्या. त्याच वर्षीच्या रोलंडच्या ‘टीआर–८०८’ मधील आघात सर्वस्वी कृत्रिम होते. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी हेच यंत्र वापरून १९८२ मध्ये दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका काढली. ती त्या काळी दुर्लक्षित राहिली, सु. पंचवीस वर्षांनी मात्र पाश्चात्त्य जाणकारांनी तिची विशेष दखल घेतली.

१९८३ मध्ये ‘मिडी’ हा संकेत सर्वमान्य झाल्याने एका कंपनीचे वाद्य दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी जोडता येऊ लागले. १९७९ पासून चार पट्ट्यांचा घरगुती कॅसेट-मुद्रक उपलब्ध होताच. पुढे संगणकावरील आज्ञावलींनी दोहोंचे काम एकत्र केले. महाराष्ट्रात सर्वाधिक रुजले ते ‘ऑक्टोपॅड’ (१९८५). आठ रबरी पट्ट्यांच्या या वाद्यावर काठीनेच आघात करावयाचे असल्याने वादकाचा हात व त्याची लय कायम राहिली. वाद्यवृंदांनी आणि लग्नाच्या बँजो पार्ट्यांनी ते आपलेसे केले, ते बहुधा याच कारणाने.

भारतीय तालवाद्याचे अनुकरण पाश्चात्त्य ड्रमपेक्षा कठीण असते. ताणलेल्या साध्या कातड्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्णांकी पटीत नसतात, म्हणून त्यातून निश्चित स्वर उमटत नाही. तबला व मृदंग यांच्यावरील शाईच्या थरामुळे हे उपस्वर पटीत येतात, असे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासह आणि पुन्हा १९३४ मध्ये दाखवून दिले. साहजिकच यंत्रातील तबल्याचा किंवा ढोलकीचा स्वर गाण्याच्या षड्‌जाशी जुळला नाही, तर सामान्य श्रोत्यालाही तो खटकतो. शिवाय ढोलकीच्या डाव्या पुडीवर हाताचा दाब बदलून काढलेला घुमारा सतत चढत-उतरत असतो. एकच मुद्रित ‘घे’ पुनःपुन्हा वाजवून तो साधत नाही.

यंत्रातील ठेका खरा वाटावा, यासाठी काही गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. मिडीमध्ये आघाताचा जोर १ ते १२७ अंकांत दर्शवितात. सर्व आघातांना एकच अंक दिल्यास ठेका टंकलेखनासारखा भासतो. म्हणून समेवर जोर, खालीवर हलकेपणा आणि मधल्या बोलांत लहानमोठे फरक ठेवतात. एका बोलाचे अनेक वेगवेगळे आघात मुद्रित करून ते आळीपाळीने वाजवितात. यंत्राचा आघात क्षणाच्या सूक्ष्म भागाइतकाही चुकत नाही, मनुष्याचा थोडा पुढेमागे पडतो. मात्र हा फरक सरसकट यदृच्छेने केल्यास वादक कच्चा वाटतो. कसलेला वादक कोणता बोल किती मागे खेचतो, हे ऐकून ठरविणे आवश्यक असते. वादकाला दोनच हात असतात, हेही विसरून चालत नाही. दोन्ही हात गुंतलेले असताना तिसरा आघात ऐकू आला, की लबाडी उघडी पडते. कडव्याच्या शेवटी लग्गी किंवा तिहाई घेऊन मुखड्यावर येण्याची रीत यंत्राला ठाऊक नसते. ती लिहूनच द्यावी लागते.

खानदेशात हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. कानबाईची गाणी, लग्नगीते व वहीगायन यांचे ठेके पिढ्यान्‌पिढ्या ऐकून शिकलेले आहेत. मेहरूण तलावाकडे जाणाऱ्या जळगावच्या विसर्जन मिरवणुकीत ढोलताशाचा प्रत्यक्ष नाद कानी पडतो. तेथील श्रोत्याची अपेक्षा अशा नादावर घडलेली असते. ‘हाई झुमकावाली पोर’ यांसारखी अहिराणी गीते यूट्यूबद्वारे खानदेशाबाहेर दूरवर पोहोचली, तेव्हा स्थानिक भाषेला मोठा श्रोतृवर्ग असल्याचे दिसून आले. परंतु बाजारात तयार मिळणाऱ्या नमुनासंग्रहांत उत्तर भारतीय ढोलक व पाश्चात्त्य ड्रम यांचेच प्राबल्य असते. ते जसेच्या तसे वापरले, की भाषा अहिराणी आणि चाल परमुलखाची, अशी विसंगती उद्‌भवते.

स्थानिक वादकाकडून एकेक बोल मुद्रित करून घेणे हा त्यावरील उपाय होय. मात्र त्यातून मोबदल्याचा प्रश्न निर्माण होतो. एका दुपारच्या बिदागीत दिलेले बोल पुढे असंख्य गाण्यांत वाजू शकतात व त्याच वादकाला लग्नसराईबाहेर मिळणारे मुद्रणाचे काम कमी होते. प्रतिमुद्राधिकार अधिनियम, १९५७ यात १९९४ च्या दुरुस्तीने वादकासह सर्व प्रयोगकर्त्यांना हक्क मिळाले आणि २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापराच्या स्वामित्वशुल्कात वाटा मिळण्याची तरतूद झाली. तथापि सुट्या बोलांच्या बाबतीत लेखी करार नसेल, तर हा हक्क बजावणे अवघड असते. काही निर्माते यंत्राच्या ठेक्यावर अखेरीस एक खरी ढोलकी किंवा टाळ चढवितात. त्याने गाण्यात जिवंतपणा येतो आणि वादकाची बिदागीही गाण्यागणिक ठरविता येते.