घनकोनाचे माप आणि मागावरचा उजेड

श्रोतेहो, गणितातल्या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. शंका रास्त आहे. शाळा आम्ही नववीतच सोडली. परंतु घनकोनाशी आमची गाठ पडली ती पुस्तकात नव्हे, मागाच्या खात्यात.

काही वर्षांपूर्वी एका पॉवरलूम कारखान्याच्या मालकांनी मागांवरच्या ट्यूब उतरवून लहान झोतदिवे बसविले. खोक्यावर छापले होते : हजार कँडेला. जुन्या ट्यूबचा हिशेब जेमतेम दोनशे कँडेला भरत होता. ‘‘पाचपट उजेड दिला, आता तक्रार कसली?’’ असा मालकांचा सवाल. तक्रार अशी की दिव्याखाली डोळे दिपत आणि मागाच्या दोन्ही टोकांना तुटलेला धागा दिसत नसे. कापडात दोष निघे आणि रात्रपाळीची मजुरी कापली जाई. बैठकीत आम्हांस उत्तर देता आले नाही. खाली मान घालून आलो आणि वाचनालयाची पायरी चढलो.

कागदावरचा कोन दोन रेषांमधला असतो. दिव्यातून निघणारा झोत शंकूसारखा पसरतो. त्या पसरण्याचे माप म्हणजे घनकोन. एक मीटर त्रिज्येचा पोकळ गोल कल्पा, मध्यभागी दिवा ठेवा. गोलाच्या पृष्ठावर एक चौरस मीटरचा तुकडा आखा, आकार कोणताही चालेल. तो तुकडा दिव्यापाशी जो घनकोन करतो तो एक स्टेरेडियन. अख्ख्या गोलात असे सुमारे १२.५७ मावतात, कारण गोलाचे पृष्ठफळ त्याच्या महावर्तुळाच्या चौपट असते. हे आर्किमिडीजने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात सिद्ध केले होते. आपल्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त तोच नियम सांगताना चेंडूभोवतीच्या जाळ्याची उपमा दिली आहे. चेंडूवर जाळे! विणकरालाही पटावी अशीच ती उपमा.

ज्योतिषांनी आपले माप निराळे ठेवले : चौरस अंश. एका स्टेरेडियनमध्ये सुमारे ३,२८३ आणि संपूर्ण खगोलात सुमारे ४१,२५३ चौरस अंश. १९३० साली बेल्जियमच्या देलपोर्ट यांनी आखलेल्या ८८ तारकासमूहांच्या सीमा प्रसिद्ध झाल्या, तेव्हा आकाशाचा जणू सातबाराच तयार झाला. आपले मृग नक्षत्र ज्यात येते त्या ओरायनच्या नावे ५९४ चौरस अंश लागले. पुनवेचा चंद्र, ज्याचे एवढे कौतुक, तो जेमतेम एक पंचमांश चौरस अंश व्यापतो.

पण आमचे काम दिव्याशी. १८६० च्या इंग्लंडमधल्या कायद्याने गॅसच्या उजेडाची तुलना देवमाशाच्या चरबीच्या मेणबत्तीशी करायची ठरविली : पौंडाला सहा, आणि तासाला १२० ग्रेन जळणारी. फ्रान्समध्ये कार्सेलचा तेलाचा दिवा, जर्मनीत हेफ्नरचा. ज्याचा त्याचा दिवा, ज्याचे त्याचे माप! १९०९ साली इंग्लंड, फ्रान्स व अमेरिका यांनी एक मेणबत्ती मान्य केली. जर्मनी बाहेर राहिली. तथापि मेणबत्तीचे माप सांगते ते एका दिशेपुरते. दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडला, हे त्यातून कळत नाही. ही उणीव ओळखून ब्लाँडेल या फ्रेंच अभियंत्याने १८९४ सालीच ल्यूमेन सुचविला होता : एका स्टेरेडियनमध्ये एक मेणबत्ती इतका झोत. मेणबत्तीच्या जागी पुढे १९४८ साली कँडेला आला.

स्टेरेडियनचे नशीब मात्र बदली कामगाराचे. १९६० साली आंतरराष्ट्रीय मापन परिषदेने त्याला मूळ एककांत घेतले नाही, साधितांतही नाही. ‘पूरक’ असा तिसराच वर्ग काढला. १९९५ साली तो वर्ग मोडून त्याला साधित एककांत बसविले, तेही परिमाणरहित म्हणून. म्हणजे हिशेबात तो नुसता ‘एक’ असतो, लिहिला नाही तरी चालतो. आमच्या मते सारा घोळ इथेच आहे. स्टेरेडियन गाळला की कँडेला आणि ल्यूमेन एकच वाटू लागतात, आणि विकणाऱ्याचे फावते.

आम्ही कागदावर आकडे मांडले. झोतदिव्याचा शंकू ४० अंशांचा, म्हणजे सुमारे ०.३८ स्टेरेडियन. हजाराने गुणले तर ३८० ल्यूमेन. ट्यूबचे दोनशे कँडेला सरासरीचे, पण ते चहूकडे, १२.५७ ने गुणले तर सुमारे २,५००. मालकांनी उजेड पाचपट केला नव्हता, साडेसहापट घटविला होता. मागाच्या टोकांचा अंधार हा कामगाराच्या डोळ्यांचा दोष नव्हे.

पुढच्या बैठकीत मालकांच्या अभियंत्याने तो कागद दोनदा वाचला आणि काही न बोलता खिशात घातला. आठवड्याभरात ट्यूब परत चढल्या. कापलेली मजुरी मिळवायला आणखी चार महिने लागले.