मोटारीची काच आणि पावसाचें पाणी

पावसाळ्याच्या तोंडावर मोटारीच्या सामानाच्या दुकानांत गेलें असतां एका फळीवर दहाबारा निरनिराळ्या बाटल्या ओळीनें मांडलेल्या दिसतात. कांहींवर काच स्वच्छ करण्याचें औषध म्हणून लिहिलेलें असतें, कांहींवर काचेवर पाणी न ठरूं देण्याचें. आणि अलीकडे पुष्कळशांवर हीं दोन्ही कामें एकाच फवाऱ्यानें होतील असें आश्वासन असतें. दोन कामें एका दामांत होत असतील तर नको कोण म्हणेल? दोन वर्षांपूर्वीं आम्हींही अशीच एक दुहेरी गुणाची बाटली घेतली, ती पुढच्या काचेवर यथासांग फवारली, आणि ऐन श्रावणांत तिन्हीसांजा झाल्यावर सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढूं लागलों. घाटांत गाडी ताशीं वीसपंचवीस किलोमीटरांपलीकडे जात नव्हती. काचेवर पाण्याचे बारीक मणी जमले ते ओघळेनात, आणि वायपर फिरला कीं त्याच्या मागें दुधासारखा पट्टा राही. समोरून आलेल्या ट्रकचे दिवे त्या प्रत्येक मण्यांत निराळे पेटले, आणि त्या झगमगाटांत रस्त्याच्या कडेनें प्लॅस्टिकची खोळ पांघरून चाललेला एक मनुष्य आम्हांस दिसला तो गाडीच्या अगदीं तोंडाशीं आल्यावर. ब्रेक लागला, तो मनुष्य बाजूस झाला, कोणास इजा झाली नाहीं. तो आमच्याकडे एकवार पाहून आपल्या वाटेनें निघूनही गेला. आम्हांस मात्र त्या रात्रीं झोंप आली नाहीं. तेव्हांपासून काच आणि पाणी यांच्या संबंधाचा इतिहास आम्ही जमेल तसा वाचूं लागलों. त्यांतून जें हातीं आलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

मोटारीच्या अगदीं आरंभकाळीं हा प्रश्नच नव्हता, कारण पुढें काचच नव्हती. हांकणारा टांगेवाल्याप्रमाणें ऊन, धूळ आणि पाऊस अंगावर घेत असे. काच आली ती वारा अडविण्यासाठीं; आणि वारा अडला तेव्हां पाऊस तिच्यावर साचूं लागला. त्या वेळचे लोक कापलेला कांदा, गाजर किंवा बटाटा काचेवर घाशीत. हा उपाय अडाणीपणाचा वाटतो. आम्हांसही तसाच वाटला होता, पण त्याकडे पुढें वळूं.

काचेवरील पाणी यंत्रानें पुसावें या कल्पनेच्या इतिहासांत अमेरिकेंतील अलाबामा राज्याच्या मेरी अँडरसन या बाईंचें नांव आधीं घ्यावें लागतें. इ. स. १९०२-०३ च्या हिंवाळ्यांत त्या न्यूयॉर्क शहरीं ट्रामगाडींतून चालल्या होत्या. बर्फमिश्रित पाऊस पडत होता, आणि समोरचें दिसावें म्हणून ट्राम हांकणाऱ्यास काच उघडून ठेवणें भाग होतें. तो कुडकुडत होता आणि त्याच्याबरोबर उतारूही कुडकुडत होते. हें दृश्य शेंकडों लोकांनीं रोज पाहिलें असेल. बाईंनीं मात्र घरीं परत आल्यावर रबराचें पातें लावलेला आणि आंतून दांड्यानें फिरवितां येणारा एक हात योजिला, व १० नोव्हेंबर १९०३ रोजीं त्यांस त्याचें पेटंट मिळालें. १९०५ सालीं त्यांनीं तें कॅनडांतील एका पेढीस देऊं केलें, तेव्हां या वस्तूस बाजारांत कांहीं किंमत येण्यासारखी नाहीं असें उत्तर आलें! १९२० सालीं पेटंटची मुदत संपली. पुढें दोनच वर्षांनीं कॅडिलॅक गाड्या कारखान्यांतूनच वायपर लावून बाहेर पडूं लागल्या. बाईंस त्यांतून एक छदामही मिळाला नाहीं. १९५३ सालीं त्या वारल्या, आणि २०११ सालीं अमेरिकेच्या शोधकांच्या कीर्तिमंदिरांत त्यांचें नांव दाखल झालें. मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनीं आलेल्या मानाचें काय करावयाचें, हें आम्हांस कधींच उमगलेलें नाहीं.

वायपरचा धंदा ज्यानें वाढविला त्याची प्रेरणा आमच्या घाटांतल्या प्रसंगाशीं फार जुळती आहे. १९१७ सालीं बफेलो शहरांतील एका नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाची मोटार पावसांत एका सायकलस्वारावर आदळली. सायकलस्वार बचावला, परंतु व्यवस्थापकाच्या मनानें घेतलें तें घेतलेंच, आणि त्यांतून ट्रायको ही वायपर करणारी मोठी कंपनी उभी राहिली. पुढें रॉबर्ट कर्न्स या प्राध्यापकानें पापणीच्या उघडझापेवरून थांबून थांबून फिरणारा वायपर काढला, १९६७ सालीं त्याचें पेटंट घेतलें, आणि उरलेलें बहुतेक आयुष्य मोटारकंपन्यांशीं न्यायालयांत भांडण्यांत घालविलें. फोर्ड कंपनीनें त्यास अखेर एक कोटीहून अधिक डॉलर दिले. ती कथा स्वतंत्र लेखाची आहे.

या सर्वांचा पंथ एक: पाणी काचेवर येणारच, आलें कीं लोटावें. काचेनेंच पाण्यास थारा देऊं नये, हा दुसरा पंथ. आणि त्याचा उगम मोटारींपासून फार दूर आहे. १८०५ सालीं टॉमस यंग या इंग्रज विद्वानानें, थेंब ज्या पृष्ठावर टेकतो तेथें त्याच्या कडेचा जो कोन होतो त्याचा विचार मांडला. अगदीं निर्मळ काचेवर हा कोन शून्याच्या जवळ असतो, म्हणजे पाणी सपाट पसरतें. मेणकट पृष्ठावर तो काटकोनाच्या पलीकडे जातो व पाण्याचा मणी होतो. कमळाच्या पानावर तर तो दीडशें अंशांहूनही अधिक असतो. गीतेच्या पांचव्या अध्यायांत निर्लेप पुरुषास याच पानाची उपमा दिली आहे, हें आपल्याकडे घरोघर ठाऊक असतें. त्या निर्लेपपणाचें कारण, म्हणजे पानावरचे मेणाचे सूक्ष्म उंचवटे व त्यांमध्यें अडकलेली हवा, हें जर्मनीच्या बार्थलॉट व नाइनहाउस यांनीं १९९७ सालीं सविस्तर दाखविलें.

आतां मुद्द्याची गोष्ट अशी कीं, पाणी हें स्वतः दृष्टीचें शत्रु नव्हे. काचेवर तें सारख्या जाडीनें पसरलें असतां त्यांतून आरपार दिसतें. तळ्याचा तळ दिसतो तसेंच. शत्रु आहे तो थेंब. प्रत्येक थेंब हें एक लहानसें भिंग असून त्यांत समोरचें सारें जग उलटें व बारीक होऊन दिसतें, आणि रात्रीं दिवा समोर आला कीं अशीं सहस्र भिंगें एकदम पेटतात. म्हणून पाहण्याच्या सोयीचे मार्ग दोनच: एक तर पाणी पुरतें पसरावें, नाहीं तर थेंबानें क्षणभरही काचेवर राहूं नये. यांच्या मधली जी अवस्था, म्हणजे धड पसरत नाहीं व धड पळत नाहीं, ती सर्वांत वाईट; आणि धुळीनें, डिझेलच्या धुरानें व जुन्या पॉलिशनें तेलकट झालेली आपली नेहमींची काच नेमकी त्याच अवस्थेंत असते.

थेंबास पळवून लावणारें द्रव्य सांपडलें तें दुर्लक्षित अडगळींतून. इंग्लंडांतील नॉटिंगहॅम येथें फ्रेडरिक किपिंग हे रसायनशास्त्रज्ञ, वाळूचें मूलद्रव्य जें सिलिकॉन त्याच्या सेंद्रिय संयुगांवर जवळजवळ चाळीस वर्षें खपले. त्यांच्या भांड्यांत वरचेवर एक चिकट राळेसारखा पदार्थ उरे, त्याचा त्यांस कंटाळा येई. आणि १९३७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत या शाखेच्या भवितव्याविषयीं त्यांनीं निराशाच प्रकट केली. तीनच वर्षांनीं अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेंत यूजीन रोको यांनीं हीं संयुगें मुबलक करण्याची रीत काढली, आणि तेथलेच विंटन पॅटनोड यांस आढळलें कीं, त्यांची वाफ लागलेला कागद पाण्यानें भिजत नाहीं! काचेचीही तीच गत. याचें कारण मोठें सुरेख आहे. काच ही मूळची सिलिकॉन व प्राणवायु यांचीच. त्यामुळें तिच्याशीं या द्रव्याची सोयरीक सहज जमते. त्याचें एक अंग काचेस घट्ट धरतें, आणि दुसरें, जें तेलासारखें पाण्यास विन्मुख असतें, तें बाहेरच्या बाजूस राहतें. १९४२ सालीं पॅटनोड यांस याचें पेटंट मिळालें.

हें ज्ञान सामान्य मोटारवाल्याच्या हातीं पडण्यास तीस वर्षें लागलीं. हॉवर्ड ओलहाउसेन यांनीं सिलिकॉनचें तेल, मद्यार्क व थोडें आम्ल यांचें मिश्रण साधलें. तें १९७२ सालीं रेन-एक्स या नांवानें बाजारांत आलें. विमानांत तर वैमानिकाच्या काचेवर मुसळधार पावसांत असें द्रव्य उडविण्याची सोयच केलेली असे. त्या द्रव्यांत ओझोनच्या थरास अपाय करणारा पदार्थ असल्यामुळें १९८७ च्या मॉन्ट्रिऑल करारानंतर तें मागें पडलें, आणि काचेसच कायमचा लेप देण्याकडे कल झाला. मोटारींसाठींही पुढें फ्लोरिनयुक्त लेप निघाले. सिलिकॉनचा लेप कांहीं आठवडे टिकतो तर हे कांहीं महिने टिकतात; परंतु फ्लोरिनचीं अशीं संयुगें मातींत व पाण्यांत गेल्यावर लवकर नाश पावत नाहींत, हाही विचार विकत घेतांना करावयास हवा.

आतां आमच्या दुहेरी बाटलीचें कोडें सुटण्यासारखें आहे. काच स्वच्छ करणें म्हणजे तिच्यावरील तेलकटपणा समूळ काढून तिला पाण्याची मैत्रीण करणें. आणि पाणी न ठरूं देणें म्हणजे तिच्यावर जाणूनबुजून एक तेलकट थर देऊन तिला पाण्याची वैरीण करणें. एकच फवारा हीं दोन्ही कामें एकाच क्षणीं करूं म्हणेल तर तो नवा थर जुन्या मळावरच चढणार. असा थर पातळ बसतो, ठिकठिकाणीं सुटतो, व थोड्याच दिवसांत काच पुन्हां त्या मधल्या अवस्थेस येते. शिवाय मणी पळतो तो वाऱ्याच्या जोरावर. ताशीं ६० किलोमीटर किंवा अधिक वेगानें गाडी जाऊं लागली म्हणजे समोरचा वारा मण्यांस वर हांकून देतो; मुंबईपुण्याच्या द्रुतगति मार्गावर हा चमत्कार पाहून मन प्रसन्न होतें. घाटाच्या वळणांवर किंवा शहराच्या गर्दींत तो वारा आणावयाचा कोठून?

म्हणून आमचें मत असें झालें आहे कीं, बाटली निवडण्यापूर्वीं आपली गाडी पावसांत कोठें व किती वेगानें चालते तें पाहावें. ज्यांचा प्रवास मोकळ्या महामार्गावरचा आहे त्यांनीं पाणी न ठरूं देणारा लेप अवश्य घ्यावा, मात्र निराळ्या बाटलींतला. आणि काच आधीं साबणाच्या पाण्यानें, मळ हट्टी असेल तर सीरियम ऑक्साइडच्या लगद्यानें घासून, पुरती कोरडी करून मगच लावावा. काचेस आंतून रंगीत पापुद्रा लावलेला असेल तर अमोनिया असलेलें औषध तेथें नको. काच खरोखर स्वच्छ झाली कीं नाहीं हें ओळखण्यास तांब्याभर पाणी पुरतें: पाण्याचा पडदा न फाटतां खालीं उतरला तर झाली, मध्येंच फाटून बेटें पडलीं तर नाहीं. हळू चालणाऱ्या गाडीच्या पुढच्या काचेस एवढी स्वच्छता व वायपरचें नवें रबर, यांहून अधिक कांहीं लागत नाहीं असें आम्हांस अनुभवानें वाटतें. बाजूच्या काचा व आरसे यांची गोष्ट वेगळी. तेथें वायपर नाहीं, आणि तेथें लेप खरा उपयोगीं पडतो.

कांदाबटाट्याकडे वळण्याचें राहिलें. त्या श्रावणांतल्या संध्याकाळीं घाट चढण्यापूर्वीं आम्ही दाणोलीस चहाला थांबलों होतों. शेजारीं एक ट्रकवाला ओली तंबाखू काचेवर चोळीत उभा होता. आम्हीं कौतुकानें विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "पाणी पसरलं पाहिजे बघा, साहेब. मणी झाले की काही दिसत नाही." आम्हीं आपल्या नव्या बाटलीची थोरवी त्यास ऐकविली, तो बिचारा हंसला व पुन्हां चोळूं लागला. यंगचा कोन त्याच्या कानांवर कधीं आला नसेल, पण दोन मार्गांपैकीं आपल्या गाडीच्या वेगास कोणता मानवतो हें त्यानें बरोबर हेरलें होतें. यंदा मृगापूर्वीं आम्हीं पुढची काच नुसती घासून धुतली, आरशांस व बाजूच्या काचांस निराळा लेप दिला, आणि त्या दुहेरी बाटलींत उरलेलें औषध स्वयंपाकघराच्या खिडकीस लावून संपविलें.