स्मृतिगळती, परिचालन प्रणालीतील

संगणकाच्या परिचालन प्रणालीच्या गाभ्याने एखाद्या कामासाठी घेतलेला स्मृतीचा भाग ते काम संपल्यावरही मोकळा न करणे, या दोषास स्मृतिगळती म्हणतात. ‘गळती’ हा शब्द काहीसा फसवा आहे, कारण येथे काहीच बाहेर जात नाही. कोकणात कार्यासाठी नेलेली गावकीची भांडी परत आली नाहीत, तर एकही भांडे फुटलेले नसताना कोठार रिकामे पडते, तसाच हा प्रकार होय. साध्या आज्ञावलीतील गळती ती आज्ञावली संपताच आपोआप भरून निघते. गाभा मात्र संगणक बंद होईपर्यंत संपत नाही. त्यामुळे त्यातील गळती साचत जाते आणि महिनोन्‌महिने चाललेले यंत्र एक दिवस एकाएकी ठप्प होते. त्या क्षणी स्मृती मागणारी आज्ञावली बहुधा निर्दोष असते; शोधाची खरी अडचण हीच.

बेल प्रयोगशाळांत १९६९ मध्ये सुरू झालेल्या युनिक्सच्या आरंभीच्या गाभ्यात बहुतेक कोष्टके ठराविक आकाराची असत. संगणकजाळे गाभ्यात आल्यावर हे पुरेनासे झाले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील ४.२ बीएसडी या १९८३ मधील आवृत्तीत जाळ्यावरील संदेशांसाठी ‘एमबफ’ नावाचे १२८ बाइटांचे छोटे स्मृतिखंड योजले होते. त्यांपैकी ११२ बाइट प्रत्यक्ष मजकुरासाठी असत. मोठा संदेश अशा खंडांच्या साखळीत साठविला जाई. ही साखळी उपकरण-चालकाकडून आयपी स्तराकडे, तेथून टीसीपीकडे आणि शेवटी सॉकेटकडे सोपविली जाते. ती कोणी मोकळी करावयाची, हे केवळ संकेताने ठरलेले असते. नेहमीच्या वाटेवर हा संकेत सहसा पाळला जातो. चूक होते ती आडवाटेवर. संदेशाचे शीर्ष सदोष निघाले, की कार्यकृती मधूनच परतते आणि हातातील साखळी तशीच राहते. असा संदेश दिवसातून दोनचारदाच येत असेल, तर दोष चाचणीत दिसत नाही.

भारतात १९८६ मध्ये एर्नेट प्रकल्प सुरू झाला. मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि भारतीय तंत्रविद्या संस्था या त्यातील सहभागी संस्था होत. प्रथम केवळ टपालसेवा होती. १९९१ मध्ये दिल्ली व मुंबई सेकंदास ९·६ किलोबिट वेगाच्या भाड्याच्या तारमार्गाने जोडल्या गेल्या. अशा विरळ जाळ्यात एक द्वारयंत्र थांबले, तर त्याच्या पलीकडील सर्वांचाच संपर्क तुटतो.

शोधाची पहिली रीत हिशेबाची. ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा वापरातील एमबफांची संख्या प्रकारवार दाखवीत असे. वर्दळ ओसरल्यावरही एखाद्या प्रकारचा आकडा खाली येत नसेल, तर संशयास जागा होते. नुसता मोठा आकडा हा पुरावा नव्हे. १९८८ मध्ये मकुसिक व कॅरल्स यांनी बीएसडीच्या गाभ्यासाठी सर्वोपयोगी स्मृतिवाटपक मांडला. जेफ बॉनविक यांच्या १९९४ मधील ‘स्लॅब’ वाटपकात प्रत्येक खंड कोणी, केव्हा आणि कोणत्या कार्यकृतींच्या मालिकेतून घेतला, याची नोंद ठेवण्याची सोय होती. चौकशी ‘किती’वरून ‘कोणी’पर्यंत आली, ती येथे.

लिनक्सच्या २.६.३१ या २००९ मधील आवृत्तीत कॅटलिन मरिनास यांचे ‘केमेमलीक’ समाविष्ट झाले. ते स्मृती ठराविक कालाने चाळते आणि ज्या खंडाचा पत्ता कोठेच आढळत नाही, तो निराधार म्हणून नोंदविते. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी १९६० मध्ये मांडलेल्या कचरासंकलनाशी या कल्पनेचे नाते आहे. फरक इतकाच, की येथे खंड मोकळा न करता केवळ कळविला जातो. एखादी साधी संख्या योगायोगाने पत्त्यासारखी दिसली, तर खरी गळती झाकली जाते. उलट पत्ता रूपांतरित करून ठेवला असल्यास निर्दोष खंडावर ठपका येतो. ज्याचा पत्ता एखाद्या यादीत शिल्लक आहे, पण ज्याला पुन्हा कोणी विचारणार नाही, असा खंड या साधनाला दिसतच नाही. तेथे आजही प्रकारवार आकड्यांकडेच वळावे लागते.