‘मैदान’ आणि जाकार्त्याचे सुवर्णपदक

दुर्बल समजल्या गेलेल्या पक्षाने बलाढ्यांवर विजय मिळवावा, ही कथा मनुष्यमात्रास पुराणकाळापासून प्रिय आहे. अमित शर्मा यांनी दिग्दर्शित केलेला ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट २०२४ च्या एप्रिलमध्ये प्रदर्शित झाला, तो याच जातीचा. १९६२ साली जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत भारतीय फुटबॉल संघाने मिळविलेले सुवर्णपदक हा त्याचा विषय असून, संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांची भूमिका अजय देवगण यांनी केली आहे. चित्रपटाच्या गुणदोषांची चर्चा आम्हांस येथे करावयाची नाही. ज्या विजयावर तो उभा आहे, तो विजय कशाने घडला, एवढेच पाहावयाचे आहे.

चित्रपटाच्या कथेचा आरंभ १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधील पराभवापासून होतो. युगोस्लाव्हियाने आपल्या संघाचा १०–१ असा धुव्वा उडविला. आपले बरेचसे खेळाडू त्या दिवशी अनवाणी खेळले होते. हे खरे असले, तरी त्यापूर्वी एकच वर्ष, १९५१ साली, दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत इराणला १–० असे हरवून भारताने सुवर्णपदक मिळविले होते, हेही वाचकांनी ध्यानी ठेवावे. आपल्या संघास गुणांची वाण नव्हती. उणीव होती ती शिस्तबद्ध शिक्षणाची.

ती उणीव भरून काढणारे रहीम हे हैदराबादचे, पेशाने शिक्षक. त्यांच्या हाताखाली हैदराबाद सिटी पोलीस संघाने मुंबईचा मानाचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ अशी पाच वर्षे ओळीने जिंकला. चेंडू पायाशी घोळवीत न बसता तत्काळ सहकाऱ्याकडे द्यावा, हा त्यांचा कटाक्ष असे. ज्या पायाने खेळण्याची सवय नाही, त्याच पायाने खेळावयाचे, असे सामनेही ते भरवीत. अशा शिक्षणाचे फळ १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये दिसले. तेथे ऑस्ट्रेलियाचा ४–२ असा पराभव करून भारताने चौथे स्थान मिळविले. त्या सामन्यात तीन गोल करणारे नेव्हिल डिसूझा हे गोमंतकीय होते, याचा गोव्याच्या वाचकांस विशेष आनंद वाटेल.

जाकार्त्यातील आरंभ मात्र निराशाजनक झाला. १९५६ व १९६० असे दोन्ही आशियाई चषक जिंकलेल्या दक्षिण कोरियाने पहिल्याच सामन्यात आपणांस २–० असे हरविले. पुढे थायलंड ४–१ व जपान २–० असे पराभूत झाले खरे; पण थायलंडविरुद्ध खेळताना बचावफळीचा आधारस्तंभ जर्नैलसिंग यांच्या डोक्यास जखम होऊन टाके घालावे लागले. रहीम यांनी त्यांना विश्रांती न देता आघाडीच्या फळीत खेळविले. दक्षिण व्हिएतनामविरुद्धचा उपान्त्य सामना भारताने ३–२ असा जिंकला, त्यात जर्नैलसिंग यांचा एक गोल होता.

मैदानाबाहेरील वातावरणही प्रतिकूल होते. इंडोनेशियाने इस्राएल व तैवानच्या खेळाडूंस प्रवेश नाकारला. त्यावर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे भारतीय सदस्य गुरुदत्त सोंधी यांनी जाहीर आक्षेप घेतल्यामुळे तेथील जनमत खवळले व भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. अशा स्थितीत ४ सप्टेंबर १९६२ रोजी, प्रेक्षकांच्या धिक्काराच्या गजरात, चुनी गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली आपला संघ त्याच दक्षिण कोरियासमोर उभा राहिला. आजारातून उठलेल्या पीटर थंगराज यांना रहीम यांनी गोलरक्षणास परत आणले. प्रदीपकुमार बॅनर्जी व जर्नैलसिंग यांनी पूर्वार्धातच एकेक गोल केला, आणि सामना २–१ असा भारताने जिंकला. या संघातील फोर्तुनातो फ्रांको हे गोव्यातील कोलवाळचे. गोवा मुक्त होऊन तेव्हा पुरते नऊ महिनेही झाले नव्हते.

या विजयास चमत्कार म्हणण्याचा मोह होतो, आणि चित्रपटास तो सोयीचाही असतो. आमच्या मते तो चमत्कार नव्हे. जखमी बचावपटूस आघाडीस धाडण्याचे धाडस आयत्या वेळच्या स्फूर्तीतून आले नाही. प्रत्येक खेळाडूचे बलाबल वर्षानुवर्षे निरखलेल्या गुरूचा तो निर्णय होता. याचा उलट पुरावाही दुर्दैवाने पुढील इतिहासानेच दिला. कर्करोगाने जर्जर झालेले रहीम ११ जून १९६३ रोजी निवर्तले. त्यांनी घडविलेल्या पिढीच्या बळावर १९६४ च्या आशियाई चषकात उपविजेतेपद मिळाले. १९७० साली बँकॉकला कांस्यपदकही मिळाले. त्यानंतर आशियाई क्रीडास्पर्धेत फुटबॉलचे एकही पदक भारतास लाभलेले नाही.

देवळापुढे येणारा भाविक कळसास हात जोडतो. पायाच्या दगडांकडे त्याचे लक्ष जात नाही. पण देऊळ बांधणाऱ्यास मात्र पायाचा विसर पडून चालत नाही. ‘मैदान’ने रहीम यांचे नाव नव्या पिढीच्या कानी घातले, याबद्दल आम्ही त्याच्या कर्त्यांचे ऋणी आहोत. मात्र त्या नावाचे खरे स्मरण व्हावयाचे असेल, तर ते गावोगावच्या मैदानांवर मुलांस चिकाटीने शिकविणाऱ्या शिक्षकास मान व साहाय्य देण्यानेच होईल.